विश्लेषण : सिलिंडरसाठी भांडणारी ‘रजनी’ आणि प्रिया तेंडुलकर, एका भूमिकेने अभिनेत्रीला काय दिले, काय अडवले?

गॅस सिलिंडर वेळेत आला नाही, टॅक्सीवाल्याने जवळचे भाडे नाकारले, दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, की आज मोबाइल काढून तक्रार नोंदवता येते. चाळीस वर्षांपूर्वी अशी तक्रार करायची म्हटली तर ती कोणाकडे करायची हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. अशा काळात, १९८५ मध्ये, दूरदर्शनवर साडी नेसलेली एक गृहिणी आली. ती कार्यालयात जाऊन साहेबासमोर उभी राहायची आणि ‘असे का?’ एवढेच विचारायची. तिचे नाव रजनी. ही भूमिका करणाऱ्या प्रिया तेंडुलकर एका वर्षात घराघरांत पोहोचल्या. त्यानंतर सतरा वर्षे त्या जगल्या. या काळात त्यांनी चित्रपट, मालिका, चर्चेचे कार्यक्रम केले, कथा लिहिल्या. तरीही लोकांनी त्यांना अखेरपर्यंत रजनी म्हणूनच ओळखले. हे का घडले, आणि त्याची किंमत काय होती?

‘रजनी’ आली तो काळ कसा होता?

१९८२च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत दूरदर्शनचे जाळे झपाट्याने पसरले. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली आणि मालिका या प्रकाराची देशाला गोडी लागली. वाहिनी एकच होती. त्यामुळे जे लागेल ते सगळेच पाहायचे. ज्याच्या घरी टीव्ही होता, त्याच्याकडे शेजारीपाजारीही जमायचे. अशा वेळी एखादी मालिका लोकप्रिय झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, कचेरीत आणि नळावर एकाच विषयाची चर्चा होणार हे ठरलेले असे.

बाजारात मात्र ग्राहकाला फारशी किंमत नव्हती. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्कूटरसाठी प्रतीक्षा यादी होती, गॅसच्या जोडणीसाठी यादी होती. बहुतेक घरांत एकच सिलिंडर असे. तो संपला आणि दुसरा आला नाही, की पुन्हा स्टोव्ह पेटवण्याची पाळी येई. पर्यायच नसल्याने विक्रेता आणि वितरक सांगेल ती पूर्व दिशा, अशी स्थिती होती. भांडण करावे तर उद्या तोच सिलिंडर देणार नाही, ही भीतीही होतीच.

या परिस्थितीवर मालिका केली बासू चटर्जी यांनी. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘बातों बातों में’ अशा चित्रपटांतून त्यांनी बसच्या रांगेत उभा राहणारा, लोकलने कचेरीत जाणारा शहरी मध्यमवर्ग पडद्यावर आणला होता. चित्रपटांत येण्यापूर्वी ते ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढत. रोजच्या जगण्यातील विसंगती हेरण्याची ती नजर ‘रजनी’मध्ये पुरेपूर उतरली. प्रत्येक भागात एक अडचण, तिच्याशी भिडणारी रजनी आणि शेवटी तोडगा, असा सरळ साचा होता. रजनीच्या नवऱ्याची भूमिका करण राझदान यांनी केली होती.

ती लोकांना इतकी का भावली?

रजनी पोलीस नव्हती, वकील नव्हती, पुढारी नव्हती. तिच्याकडे कोणतेही पद नव्हते. तिच्याजवळ होता तो प्रश्न विचारण्याचा हक्क आणि उत्तर मिळेपर्यंत न हलण्याचा हट्ट. त्या काळच्या हिंदी चित्रपटात अन्यायाविरुद्ध लढणारा नायक हाणामारी करायचा. त्याची नक्कल प्रेक्षकाला करता येणे शक्य नव्हते. रजनी जे करायची ते मात्र दुसऱ्या दिवशी कोणालाही करून पाहता येण्यासारखे होते. पावती मागणे, नियम दाखवा म्हणणे, वरिष्ठांना भेटणे, शेजाऱ्यांना सोबत घेणे, एवढेच तर ते होते.

दुसरे कारण प्रिया तेंडुलकर यांच्या अभिनयात होते. त्या ही भूमिका आरडाओरडा करून करत नसत. मोठे बोलके डोळे, स्वच्छ उच्चार, समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेऊन मग नेमका प्रश्न टाकण्याची लकब यांमुळे रजनी कजाग वाटली नाही. शाळेतल्या एखाद्या कडक पण लाडक्या बाईंसारखी ती वाटायची. ज्यांना स्वतः भांडायची हिंमत नव्हती, त्यांना आपल्या वतीने कोणीतरी बोलते आहे याचा दिलासा मिळाला.

तो दिलासा काहींना टोचलाही. गॅस सिलिंडरच्या वितरणातील गैरप्रकारांवरचा भाग गाजला आणि वितरकांनी नाराजी व्यक्त केली. टॅक्सीचालकांवरच्या भागानंतर टॅक्सीचालकांनी निषेध केला. एका काल्पनिक गृहिणीने खऱ्याखुऱ्या व्यावसायिकांना उत्तर द्यायला भाग पाडावे, हे भारतीय दूरचित्रवाणीला नवे होते. अन्यायाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या बाईला ‘आली मोठी रजनी’ म्हटले जाऊ लागले. कधी कौतुकाने, कधी कुचेष्टेने.

रजनीच्या आधी महाराष्ट्रात काय घडले होते?

रजनी आभाळातून पडली नव्हती. मुंबईत १९७२ पासून महागाईविरोधात स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली निघालेले लाटणे मोर्चे अनेकींच्या आठवणीत होते. गोरेगावच्या पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताईंना लोकांनीच ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले होते. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि सभासदांनी एकत्र येऊन थेट घाऊक खरेदी करण्याचा प्रयोग तिने यशस्वी केला.

म्हणजे मराठी मध्यमवर्गीय बाईला प्रश्न विचारणे नवे नव्हते. मालिकेने केले ते असे, की मोर्चातली ही बाई तिने देशभरातल्या दिवाणखान्यांत नेऊन बसवली. मात्र तसे करताना मोर्चा गळाला. रजनी एकटी लढायची आणि भाग संपेपर्यंत जिंकायची. ज्या बाईला दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत खेटे घालणे परवडत नाही, जिला अर्ज लिहिता येत नाही, तिचे काय, हा प्रश्न या साच्यात मावत नव्हता. रजनीजवळ शिक्षण होते, वेळ होता आणि पगारदार नवरा होता. तिच्या धैर्याचे मोल यामुळे कमी होत नाही, पण त्या धैर्यामागचा आधार लक्षात घ्यावा लागतो.

‘रजनी’मुळे ग्राहक कायदा झाला का?

असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ग्राहक चळवळीची मागणी जुनी होती. एप्रिल १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. २४ डिसेंबर १९८६ रोजी भारताच्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हाच दिवस आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर दाद मागण्याची सोय या कायद्याने केली. त्याची जागा आता २०१९च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू वा सेवेबाबत जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही. वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मालिका आणि कायदा एकाच सुमारास आले, एवढे निश्चित. कायद्याने हक्क दिला. मात्र तो वापरायचा तर आधी ‘हे चालायचेच’ ही वृत्ती सोडावी लागते. ती सोडता येते हे रजनीने दाखवले. जाहिरातीने किंवा सरकारी पत्रकाने ते इतक्या लवकर साधले नसते.

प्रिया तेंडुलकर कोण होत्या?

१९ ऑक्टोबर १९५४ रोजी जन्मलेल्या प्रिया या नाटककार विजय तेंडुलकर यांच्या कन्या. घरात नाटक, पत्रकारिता आणि लेखन होते. तरी त्यांची वाट सरळ रंगमंचाकडे गेली नाही. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, विमानात हवाई सुंदरी, मॉडेल, वृत्तनिवेदिका अशी वेगवेगळी कामे त्यांनी केली. ‘बाईला काय कळते’ अशा नजरा आणि गिऱ्हाइकाची मिजास या दोन्हींशी या नोकऱ्यांत रोजचीच गाठ. काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिलेली बाई पुढे ग्राहकाची भूमिका करणार होती.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) त्या पडद्यावर दिसल्या. शबाना आझमी यांचा हा पहिला चित्रपट. त्यात प्रिया यांनी जमीनदाराच्या मुलाची, सूर्याची, लहानपणीच लग्न झालेली पत्नी सरू साकारली. ही सरू घरात येते आणि मोलकरीण लक्ष्मीचे तिथले दिवस संपतात. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या रजनीच्या आधी अन्यायाच्या बाजूला उभी असलेली बाई त्यांनी रंगवली होती, हे सहसा कोणाला आठवत नाही. पुढे शंकर नाग यांच्या ‘मिंचिन ओट’ (१९८०) या कन्नड चित्रपटात त्यांनी काम केले. ‘थोरली जाऊ’, ‘मुंबईचा फौजदार’ अशा मराठी चित्रपटांतून त्या प्रेक्षकांना परिचित झाल्या. ‘रजनी’ मिळाली तेव्हा त्या तिशीत होत्या.

वडिलांच्या नाटकांशी या भूमिकेची तुलना करण्याजोगी आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारेला तिच्याच ओळखीची माणसे खेळाच्या नावाखाली आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात. तिला जे बोलायचे असते ते ऐकणारे कोणी नसते. तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’मध्येही व्यवस्था माणसाला चिरडते. त्यांच्या मुलीने साकारलेल्या रजनीचे मात्र ऐकले जाते, चूक कबूल होते, सिलिंडर घरी येतो. वडिलांनी समाजाचे जे चित्र दाखवले ते अधिक खरे होते, यात शंका नाही. पण रोज त्या समाजात जगावे लागणाऱ्याला मुलीने दाखवलेली शक्यताही हवी होती.

‘रजनी’नंतर काय झाले?

लोकप्रियतेची पहिली अडचण अशी, की प्रेक्षकांनी अभिनेत्री आणि भूमिका यांत फरक ठेवला नाही. लोक त्यांच्याकडे आपापल्या तक्रारी घेऊन येऊ लागले. रजनीने प्रश्न सोडवला तो लेखकाने लिहिला होता म्हणून. प्रिया तेंडुलकरांच्या हाती ना अधिकार होते, ना पटकथा. तरीही रस्त्यात एखाद्याने अडवून गाऱ्हाणे सांगितले तर ते ऐकून घ्यावे लागे. ‘ती फक्त भूमिका होती’ असे सांगणे अशा वेळी उद्धटपणाचे ठरले असते.

दुसरी अडचण कामाची होती. एकदा ‘लढाऊ बाई’ असा शिक्का बसला की निर्मात्यांना तशीच बाई हवी असते. ‘स्वयंसिद्धा’सारख्या मालिकेतही त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्याच रूपात आल्या. हिंदी चित्रपटांत तर चाळिशीतल्या अभिनेत्रीला आईचीच भूमिका मिळे. ‘त्रिमूर्ती’मध्ये (१९९५) त्या जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख खान यांच्या आई झाल्या. जॅकी श्रॉफ आणि अनिल कपूर हे दोघे त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान! ‘गुप्त’मध्ये (१९९७) त्या बॉबी देओलच्या आई होत्या. ज्या अभिनेत्रीने देशाला प्रश्न विचारायला शिकवले, तिच्यासाठी हिंदी चित्रपटाकडे लिहून तयार असलेली जागा एवढीच होती.

याच काळात त्यांनी केलेली एक विनोदी भूमिका आज नव्या पिढीला अधिक आठवते. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘हम पाँच’मध्ये अशोक सराफ यांनी पाच मुलींचा त्रासलेला बाप आनंद माथुर साकारला. त्याची दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्याशी बोलते. ती पत्नी म्हणजे प्रिया तेंडुलकर. चौकटीबाहेर पाऊल टाकायचे नाही, हातवारे करायचे नाहीत, फक्त चेहरा आणि आवाज यांवर हशा मिळवायचा, असे हे अवघड काम होते. अशोक सराफ यांच्यासारख्या विनोदाच्या बादशहासमोर त्यांनी ते सहज निभावले. रजनीच्या सात्त्विक प्रतिमेला थोडी टपली मारून, नवऱ्याला टोमणे हाणणारी बायको त्यांनी रंगवली.

सूत्रसंचालनाकडे त्या कशा वळल्या?

उपग्रह वाहिन्या आल्या आणि चर्चेचे कार्यक्रम हा नवा प्रकार रुजू लागला. ‘द प्रिया तेंडुलकर शो’ आणि ‘जिम्मेदार कौन’ हे त्यांचे कार्यक्रम या काळातले. कार्यक्रमाला अभिनेत्रीचे नाव द्यावे एवढी त्यांच्या नावाची पत होती. सामाजिक प्रश्न, घरातले प्रश्न, सहसा चारचौघांत न बोलले जाणारे विषय त्यांनी या मंचावर आणले. इथे पटकथा नव्हती आणि शेवटी हमखास तोडगाही नव्हता. प्रश्न मात्र त्यांचे स्वतःचे होते. रजनीची ओळख त्यांना इथे उपयोगी पडली, कारण ही बाई अवघड प्रश्न विचारणार हे पाहुण्यांना आणि प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते. आज संध्याकाळी वाहिन्यांवर जो कलकलाट चालतो, त्याच्या तुलनेत ते कार्यक्रम ऐकून घेणारे होते.

लेखिका म्हणून त्यांचे स्थान काय?

प्रिया तेंडुलकर यांची ही बाजू मराठी वाचकांना माहीत आहे, बाकीच्यांना फारशी नाही. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘जावे तिच्या वंशा’, ‘असंही’, ‘पंचतारांकित’ ही त्यांची पुस्तके. यातल्या ‘पंचतारांकित’ला हॉटेलातील नोकरीच्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. विजय तेंडुलकरांच्या मुलीने मराठीत लिहायचे म्हणजे तुलना अटळच. तरीही त्यांनी नाटकाच्या वाटेला न जाता कथा हा आपला प्रांत निवडला.

रजनीला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सापडायचे. आपल्या पुस्तकाला ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ असे नाव देणाऱ्या लेखिकेला तशी घाई नव्हती. पडद्यावर इतरांनी लिहिलेली ठाम वाक्ये बोलणारी ही अभिनेत्री कागदावर स्वतःचे, अधिक गुंतागुंतीचे काहीतरी सांगत होती.

अखेरची वर्षे

‘रजनी’तले सहकलाकार करण राझदान यांच्याशी त्यांनी १९८८ मध्ये विवाह केला होता. १९९५ मध्ये दोघे विभक्त झाले. पुढे त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठले. आजार आणि उपचार सोसतच त्या काम करत राहिल्या. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत प्रभादेवी येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस एका महिन्यावर आला होता. आदल्याच वर्षी पत्नी निर्मला आणि मुलगा राजा यांना गमावलेल्या विजय तेंडुलकरांवर हा आणखी एक आघात होता. ते त्यानंतर सहा वर्षांनी, मे २००८ मध्ये गेले.

प्रिया तेंडुलकर यांच्या निधनाच्या बातम्यांतही त्यांच्या नावासोबत ‘रजनी’ हे नाव आलेच. काही महिन्यांच्या मालिकेने पुढच्या सतरा वर्षांच्या कामावर पडदा टाकला, असे त्याबद्दल म्हणता येईल. दूरचित्रवाणीवर शेकडो भाग चालणाऱ्या मालिका येतात आणि संपल्यावर महिनाभरात त्यांतल्या पात्रांची नावे विसरली जातात, हेही तितकेच खरे. रजनीचे नाव मात्र त्या काळातल्या प्रेक्षकांच्या तोंडी राहिले.

प्रिया तेंडुलकर यांची ओळख करून घ्यायची असेल तर ‘रजनी’चे भाग जरूर पाहावेत. त्यासोबत ‘अंकुर’मधली सरू पाहावी, ‘हम पाँच’मधली तसबीर ऐकावी आणि त्यांचा एखादा कथासंग्रह ग्रंथालयातून आणावा. आणि पुढच्या वेळी सिलिंडर घेताना तो वजन करून द्यायला सांगावा. तसे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे.